खालमानेची चंद्रव्वा

सोलापूरच्या नव्या पेठेतल्या कापड दुकानदार शिवलिंगप्पाची थोरली लेक चंद्रव्वा. तिला सगळी पेठ ‘येडी’ म्हणायची. पेठेचं काय जातंय म्हणायला? उचलली जीभ, लावली टाळ्याला! पोरगी कुणाच्या डोळ्यात बघायची नाही. मिलचा भोंगा झाला की दोन्ही कानांवर हात ठेवून भिंतीशी बसायची. भाताला चटणी लागली तर ताटावरून उठायची. एवढ्यावर लोकांनी तिचा निकाल लावून टाकला होता.

त्र्याहत्तर साली बोर्डाचा निकाल लागला आणि ही येडी गणितात शहरात पहिली आली. मग काय, तीच पेठ पेढे खायला दारात! “आमाला ठाऊकच होतं की!” म्हणे. सुंदरम्मानं पेढे वाटले खरे, पण एकेकाचं तोंड बघून ती मनातल्या मनात शिव्या घालत होती. ती लेकीची आई. शिकली होती चौथीपर्यंत, पण माणसं तिला शिकल्यासवरल्यांपेक्षा लवकर कळायची.

चंद्रव्वाला सायन्सला जायचं होतं. दुसरं काही नकोच होतं तिला. सुंदरम्मा तिला घेऊन कॉलेजात गेली. तिथं प्रवेशाच्या मुलाखती घ्यायला सोमलिंग सर बसले होते. कोट, टाय आणि सोलापूरचं ऊन! घामानं थबथबले होते, पण ऐट सुटत नव्हती.

“वर बघ. सायन्स कशाला हवंय?” सरांनी विचारलं.

चंद्रव्वा टेबलाच्या काचेकडं बघत राहिली. तिला उत्तर जुळवायला वेळ लागायचा. सरांना वेळ कुठला! खिडकीबाहेर बघतच ते म्हणाले, “बाई, घोकून मार्क पडतात हो. हिचं डोकं मंद दिसतंय. शिवणाच्या क्लासला घाला.”

माणसानं पोरीला ‘वर बघ’ म्हणावं आणि स्वतः तिच्याकडं एकदाही बघू नये! सुंदरम्मा घरी येईपर्यंत धुसफुसत होती. शिवलिंगप्पानं मात्र सुस्कारा टाकला आणि लगेच मध्यस्थ गाठला. “लगीन तरी करून टाकू,” म्हणाला.

आठ दिवसांत मंद्रूप गावचं स्थळ आलं. मुलगा शिवपुत्र, बागायतदाराचा एकुलता एक, मॅट्रिकला तीनदा आपटलेला. आणि सोबत वडीलधारा म्हणून आलेला मामा कोण? सोमलिंग सर! सुंदरम्मानं उंबऱ्यातच ओळखलं. त्यांनी काही ओळखलं नाही. ओळखतील कसे? बघितलं होतं कुठं!

चंद्रव्वा उप्पिटाच्या बशा ठेवून पाटावर बसली. सरांनी नाव विचारलं, तिनं नाव सांगितलं. स्वयंपाक येतो का, भजन येतं का, विचारलं. ती पाटाच्या कडेकडं बघत राहिली. आणि सर काय म्हणाले असतील?

“वा! नजर वर करत नाही, जास्तीचा शब्द नाही. याला म्हणतात संस्कार! कॉलेजातल्या पोरी रोज बघतो मी, नुसत्या उंडग्या. आम्हाला मुलगी पसंत आहे.”

अय्यो शिवा! सुंदरम्माला हसावं की पायताण काढावं कळेना. पण तिनं पदर सारखा केला आणि गोड आवाजात म्हणाली, “साहेब, आमची एक इच्छा हाय. पोरगी कॉलेजात गेली तर मान तुमच्याच घराचा वाढंल. तेवढं सायन्सचं ॲडमिशन तुमी करून द्या, मग पुढचं बोलू.”

“घरचीच मुलगी! उद्याच या,” सर म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मान वर न करता सही ठोकली.

कॉलेज सुरू झालं, हजेरीत चंद्रव्वाचं नाव लागलं, आणि सुंदरम्मानं मध्यस्थाकरवी निरोप धाडला: स्थळ नको. सर तणतणत दुकानावर आले. “फसवलंत तुम्ही!”

“म्या?” सुंदरम्मा दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. रस्त्यावरचे चार लोक थबकले, तसा तिनं आवाज चढवला. “ही तीच पोरगी, जिला तुमी मंद म्हणून हाकललं. तुमच्या टेबलापुढं मंद, नि उप्पिटाच्या बशीपुढं संस्कारी व्हय? काढा की नाव! पण भाचेसुनंसाठी जागा दिली हुती म्हणून कॉलेजच्या दारावर लिवा!”

सरांना आता आठवलं. तोंड पडलं बिचाऱ्याचं. बिचारा कसला! टाय सैल करत गर्दीतून निघून गेला. शिवलिंगप्पा गल्ल्याआड लपला होता, तोही मग बाहेर आला आणि आपणच जिंकल्यासारखा मिशीवरून हात फिरवू लागला.

चंद्रव्वानं आतल्या दारातून सगळं ऐकलं होतं. ती आईजवळ आली आणि कापडाच्या तागांकडं बघत म्हणाली, “अव्वा, त्यांनी मला गणितासाठी घेतलं न्हाई?”

“न्हाई, बाळ.”



“मग मी पहिली कशाला आले?”

सरांना भर रस्त्यात सुनावणारी सुंदरम्मा तागाची घडी उलटीसुलटी करत राहिली.