शेवटचा शब्द कोणाचा

वेबसाइट करून घ्यायला येणाऱ्याला जिपार आधी चहा द्यायची, मग सहा प्रश्नांचा कागद. उत्तरं मिळेपर्यंत ती संगणकाला हात लावत नसे. ओश शहराच्या बाजारात, सामशांच्या, म्हणजे मांस भरलेल्या समोशांच्या, भट्टीच्या वरच्या मजल्यावर आमची कचेरी होती. पानं ती आखायची, मजकूर मी लिहायचो.

हा कागद एका दातांच्या डॉक्टरमुळे आला. त्याचं पहिलं पान आम्ही अकरा वेळा बदललं, आणि शेवटी कळलं की निर्णय त्याची सासू घेते आणि तिला निळा रंग सहन होत नाही. अकराही पानं निळी होती. माणसं मेंढी घेताना तिचे दात बघतात, शेपटीची चरबी चाचपतात, आणि वेबसाइट घेताना म्हणतात, "करा काहीतरी झकास." अशांची मला कीव येत नाही.

शार्शेनबेक आला तो भट्टीपुढच्या रांगेत गाडी आडवी लावून. गावाच्या टोकाला त्याचा लग्नाचा हॉल. मोजता येणार नाहीत इतकी झुंबरं, आणि दारात त्याचाच फोटो.

"प्रश्न कसले? मी काय परीक्षेला आलोय?"

"सगळ्यांनाच विचारते, बाइके," जिपार म्हणाली. वयानं मोठ्या पुरुषाला आमच्याकडे असंच म्हणतात, तो त्या लायकीचा असो वा नसो. "साइट कोणासाठी हवी?"

"सगळ्यांसाठी."

"काल हॉल बघायला कोण आलं होतं?"

"आलं असेल कोणीतरी."

"आधी कोणी केली होती?"

"एक चोर होता."

"त्याच्या आधी?"

"तोही चोरच."

"आणि शेवटचा शब्द कोणाचा?"

"माझा. माझ्याशिवाय तिथं पान हलत नाही." एवढं बोलून त्यानं मॉस्कोतल्या भावाला फोन लावला आणि कोणता रंग घ्यावा ते विचारलं.

तो गेल्यावर जिपारनं त्यातल्या एका चोराला शोधून काढलं. बिचारा आता मोबाइलची कव्हरं विकत होता. "त्यानं पहिल्या पानावर घोडे पळवून घेतले," तो म्हणाला. "पळाले, तर म्हणे, डावीकडे का पळतात?"

जिपारनं शार्शेनबेकला नम्रपणे नकार कळवला.

दोन दिवसांनी तिची मावशी सोनुनबू फडक्यात गरम बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, बांधून आली. तिच्या मुलाचं लग्न सप्टेंबरात त्याच हॉलमध्ये ठरलेलं. शार्शेनबेकनं तिला फोन करून सांगितलं होतं की तारखेचं काही खरं नाही.

"तुझ्या कागदापायी माझ्या पोराचं लग्न रस्त्यावर लावू का?"

"मावशी, तो माणूस वर्षभर छळेल."

"मग छळू दे की. नवरे नाही का छळत?"

बोरसोक तसेच निवले. जिपारनं एकही खाल्ला नाही. ज्याला स्वतःच्या हॉलबद्दल दोन वाक्यं बोलता येत नाहीत, त्याला म्हातारीला घाबरवायचं मात्र बरोबर सुचलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं हॉलवर गेलो. तारीख वाचवायला हात जोडावे लागले तर जोडायचे, असं तिनं ठरवलं होतं. शार्शेनबेक नव्हता. मागच्या स्वयंपाकघरात त्याची बायको बात्मा पुलावासाठी गाजरं तोलून घेत होती. जिपारनं सगळं सांगितलं. बात्मानं एक जाडजूड वही उघडली.

"सोनुनबू. बारा तारीख. पक्की आहे. कोण नाही म्हणतं?"

"तुमचे यजमान."

"ते बोलतात," बात्मा म्हणाली. "वही माझ्याकडे असते."

 जिपारनं पिशवीतून सहा प्रश्नांचा कागद काढून गाजरांच्या शेजारी ठेवला. बात्मानं हात पुसले.

"कोणासाठी? नवऱ्या मुलांच्या आयांसाठी. निम्म्या रशियात कामाला आहेत. तिकडूनच फोनवर हॉल बघतात. माणसं किती बसतात, स्वयंपाकघर स्वच्छ आहे का, म्हाताऱ्यांना पायऱ्या किती चढाव्या लागतात. झुंबरं कोणी विचारत नाही."

"आधी साइट केलेली मुलं?"

"चांगली होती. आम्हीच छळलं."

"शेवटचा शब्द?"

"माझा."

"आणि बाइके?"

"त्यांचा एक फोटो टाक कुठेतरी."

तीन आठवड्यांत काम झालं. पहिल्याच पानावर स्वयंपाकघर आणि पायऱ्यांची संख्या होती. फोटो अगदी तळाशी टाकला.

मावशीच्या मुलाचं लग्न ठरल्या दिवशी लागलं. शार्शेनबेक दारात उभा राहून पाहुण्यांना फोनवर साइट दाखवत होता. "डोकं माझं," तो सांगत होता. "या पोरीला मीच शिकवलं कसं करायचं ते." मी रागानं जिपारला म्हटलं, काहीतरी बोल.

"बोलू दे की," ती म्हणाली. "ऐकतंय कोण?" आणि बात्मानं आमच्यासाठी राखलेल्या टेबलाकडे ती निघाली.