हापटाईमची लिंबं

आमच्या संघात राइट आउटला कोणाला खेळवायचं हे मला सुभेदार साहेबांपेक्षा जास्त कळत होतं. हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. शाळा मी चौथीत सोडली, पण हॉकी बघायला शाळा लागत नाही.

नगरला छावणीच्या कडेला सामने व्हायचे, आणि त्या मैदानाला लागूनच माझं सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढायचं, हवा भरायची, आणि खेळाडूंच्या स्टिकला मुठीपाशी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून द्यायच्या. अख्खा संघ माझ्या दुकानात बसायचा. म्हणजे मी काही बाहेरचा माणूस नव्हतो.

ते दुष्काळाचे दिवस. प्यायला टँकर येत होता, मैदानावर पाणी कोण मारणार? मुरूम असा कडक झालेला की चेंडू फरशीवर पडल्यासारखा उडायचा. अशा मैदानावर चेंडू स्टिकला चिकटवून नाचवणारा काय कामाचा? चेंडू लांब मारावा आणि त्याच्या मागं धावावं, एवढीच हॉकी शिल्लक राहिली होती. आणि आमचे सुभेदार साहेब, पलटणीतून निवृत्त होऊन आमचे कोच झालेले, राइट आउटला, म्हणजे उजव्या कडेनं पुढं धावायच्या जागेवर, कोणाला घ्यायचे? बँकेतल्याला. तो बँकेत कारकून होता, भांग पाडून खेळायला यायचा. चेंडू मिळाला की जागच्या जागी चार गिरक्या घ्यायचा, तोवर समोरचे गोळा व्हायचे. आणि भिंगारचा एक गडी होता, तो सुटला की धरायला घोडा लागला असता. त्याला साहेबांनी मागं फुलबॅकला उभा केलेला. गोठ्यात बांधल्यासारखा.

मी मैदानाभोवतीच्या दोरीपाशी उभा राहून ओरडायचो, "साहेब, भिंगारच्याला पुढं घ्या. बँकवाल्याला मागं टाका." साहेबांनी कधी मान वळवली नाही. दोरीच्या बाहेरच्या माणसाचं ते ऐकत नसत.

दोरीच्या आत जायचा मान एकाच माणसाला होता, टेलरला.

टेलरचं दुकान माझ्या दुकानासमोरच. त्याला हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. शॉर्ट कॉर्नर म्हणजे काय हे त्यानं मला एकदा हळूच विचारलेलं. पण त्याची बहीण श्रीगोंद्याला दिलेली, मेव्हण्याची लिंबाची बाग, आणि त्या वर्षीही तिथल्या विहिरीला पाणी टिकून होतं. आमच्याकडं हापटाईमला खेळाडूंना मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडी द्यायची पद्धत होती. बाजारात लिंबू दिसत नव्हतं तेव्हा टेलर पिशवी भरून लिंबं आणायचा. शिट्टी झाली की पिशवी घेऊन दोरी ओलांडायचा, खेळाडू साहेबांभोवती गोल करून उभे राहायचे आणि हा त्या गोलात शिरायचा. पांढरा लेंगा, गळ्यात मापाची पट्टी. जशी काय ती पट्टी कोचची शिट्टीच.

बाहेर आला की लोक त्याला घेरायचे.

"काय म्हणले साहेब?"

"आतली गोष्ट हाय," टेलर म्हणायचा. "समदं सांगता येत न्हाई. बघा आता दुसऱ्या हापात."

आणि संघानं गोल केला की माझ्याकडं बघून म्हणायचा, "आमी ठरवलं हुतं."

आमी. त्या एका शब्दानं माझी जेवणावरची वासना उडायची. बायको म्हणायची, "अवो, त्यो लिंबं वाटतो, वाटू द्या की." तिला काय सांगायचं. लिंबाचं कोण बोलतंय? साहेब त्याला विचारतात आणि मला विचारत नाहीत, हे मला खात होतं.

मग एकदा टेलर भाचीच्या लग्नाला श्रीगोंद्याला गेला. दुसऱ्या दिवशी सामना होता, लष्कराच्या संघाशी. जाताना त्यानं पिशवी माझ्या दुकानात ठेवली. मैदानाजवळ दुसरं होतंच कोण?

"तेवढी वाटा," तो म्हणाला. "अन् आत काय बोलू नका. साहेबांना चालत न्हाई."

"मला शिकवू नका," मी म्हणालो.

मी रात्रीच सदरा धुऊन टाकला. सामन्याला लिंबं कापून, मीठ लावून ताटात मांडली. हापटाईमपर्यंत आपल्यावर एक गोल झालेला. बँकवाल्यानं चेंडू दहादा घालवला होता. शिट्टी झाली आणि मी दोरी ओलांडली. सगळ्या नगरसमोर ओलांडली.

गोलात गेलो. फोडी दिल्या. आता साहेब काय बोलतात म्हणून कान टवकारले.

साहेब काहीच बोलले नाहीत. लिंबू चोखलं, बी थुंकली, आभाळाकडं बघितलं. खेळाडू जर्सीच्या बाहीनं तोंडं पुसत होते. माशा घोंघावत होत्या. थोड्या वेळानं साहेब म्हणाले, "चलो, खेलो." एवढंच. टेलर इतके दिवस जी आतली गोष्ट सांगत होता ती ही.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "साहेब, भिंगारच्याला राइट आउटला घ्या. मैदान कडक हाय. बँकवाल्याला फुलबॅकला टाका, तिथं त्याला नाचायला जागा न्हाई."

बँकवाल्यानं माझ्याकडं बघितलं. साहेबांनीही बघितलं, पहिल्यांदाच. मग हात पुढं करून म्हणाले, "और एक फोड दे."

संघ होता तसाच खेळला आणि त्याच एका गोलानं हरला. पण हापटाईम संपून मी बाहेर आलो तेव्हा दोरीपाशी लोकांनी मला घेरलेलं.

"काय म्हणले साहेब? काय ठरलं?"

मी सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि म्हणालो, "आतली गोष्ट हाय. समदं सांगता येत न्हाई."

दुसरं काय म्हणणार होतो?

पुढच्या सामन्याला टेलर परत आलेला. पिशवीसकट. संघ मैदानात उतरला आणि मी बघतो तर भिंगारचा राइट आउटला. बँकवाला मागं. साहेबांनी माझं ऐकलं होतं. हापटाईमच्या आतच भिंगारच्यानं असा चेंडू पळवला की समोरचे नुसते त्याची पाठ बघत राहिले. दोन गोल झाले, सामना आपण जिंकला. लोकांनी टेलरला खांद्यावर घेतलं. खेळाडूला नाही, टेलरला. कारण आत जाणारा म्हणून लोक त्यालाच ओळखत होते, आणि हापटाईमला बाहेर येऊन तो म्हणाला होता, "बघितलं? आमी ठरवलं हुतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सायकलीत हवा भरायला माझ्याकडं आला.

"काय सायकलवाले, कशी काय वाटली आमची टीम?"

मी पंप लावला. म्हणालो, "टेलर, आत साहेब काय बोलतात ते मला ठावं झालंय. काय बोलत न्हाईत. त्यो बदल मी सांगितला हुता."

त्यानं मापाची पट्टी सारखी केली. मग अगदी गोड आवाजात म्हणाला, "मग सांगा की लोकांना."

मी पंप मारत राहिलो. काय सांगणार? साहेब आत काही बोलतच नाहीत म्हणावं, तर लोक विचारणार, मग तुमी त्या दिवशी आतली गोष्ट म्हणून काय सांगत हुता? आणि साहेबांनी माझं ऐकलं म्हणावं, तर कोण खरं मानणार? दोन्हीकडून मीच अडकलो होतो, आणि ते त्याला माझ्या आधी कळलं होतं.

"हवा जास्त भरू नका," टेलर म्हणाला. "ट्यूब जुनी हाय."

मी भरली तेवढी भरली.

टेलर पुढं कैक हंगाम पिशवी घेऊन आत जात राहिला. भिंगारच्यानं किती गोल केले ते मी मोजत नाही, पण प्रत्येक गोल माझा होता. टेलर आता नाही. त्याच्या गल्लीतले म्हातारे अजून सांगतात की त्या वर्षी टेलरनं संघ वर काढला. मी ऐकतो आणि दुसऱ्या बाजूला बघतो. लिंबाचं लोणचं मी आजही खात नाही.