मोळीची गाठ
उसाची ट्रॉली शेजारून गेली की हिरव्या शेंड्यांचा, वाढ्यांचा वास येतो आणि मला आमच्या वॉर्डातली कोपऱ्यातली खाट आठवते. छातीत हवा साचून फुप्फुस मिटलेल्या रुग्णांच्या छातीत ती हवा बाहेर सोडायला घातलेली नळी कधी काढावी, यावर तेव्हा आमचे डॉक्टर संशोधन करत होते. नळीच्या टोकाला असलेल्या बाटलीत बुडबुडे येतात का, हे तासातासाला लिहायचं काम माझं, नर्सचं होतं. त्या खाटेवर धारूरकडचा एक ऊसतोड कामगार होता. "बुडबुडे थांबले की फुप्फुसाचं भोक बुजलं समजा," असं मीच त्याच्या बायकोला सांगितलं होतं. एका दुपारी ती धावत आली. "बाई, थांबले बघा! आता घरी जायचं ना आमी?" तो डोळे मिटून पडला होता. निजला असेल म्हणून मी नुसती बाटली पाहिली, वेळ लिहिली आणि पुढच्या खाटेकडे वळले. थोड्याच वेळात त्याचा श्वास कोंडला आणि डॉक्टर पोचेपर्यंत तो गेला. मी त्याच्या अंगावरची वाकळ उचलली. कुशीवर वळताना नळी निसटू नये म्हणून बायकोनं ती लुगड्याच्या चिंधीनं खाटेला करकचून बांधली होती, उसाची मोळी आवळतात तशी. गाठीखाली नळी चपटी होऊन हवेची वाटच बंद झाली होती. तिच्या ध्यानात यायच्या आत मी गाठ सोडली. "थांबले होते न्हवं बुडबुडे? मग कामून गेले ओ?" ती विचारत राहिली आणि मी वाकळ पुन्हा नीट पांघरली. आता नव्या नर्सना मी शिकवते, बाटली नंतर बघा, आधी छातीपासून नळीवर हात फिरवा. कशासाठी, हे मात्र मी त्यांनाही सांगितलेलं नाही.