आत्याला ठाऊक असलेला शब्द

बाजारचौकातल्या जुन्या दगडी इमारतीवर मोठ्या अक्षरांत ‘लॉज’ लिहिलंय, आणि तिथे कुणालाही खोली मिळत नाही. ती एका बंधुमंडळाच्या सभेची जागा; तिलाही लॉजच म्हणतात. तरी लोक बॅगा घेऊन दार ठोठावतातच. माझी आत्या एकतीस वर्षं तिथली राखणदार. ती त्यांना शांतपणे सांगायची, “खोल्या पुष्कळ आहेत हो, खाटा तेवढ्या नाहीत.” मागच्या दोन खोल्यांत तिचं बिऱ्हाड.

सभेला बायकांना मज्जाव. आत्या दाराबाहेर स्टुलावर विणत बसे. त्या वर्षीचा गुप्त शब्द सांगितल्याशिवाय सभा सुरू होत नसे, आणि तो लिहून ठेवायचा नाही असा नियम. मोठमोठे बाप्ये दाराशी कुजबुजताना पाहून मला फार हसू यायचं.

मग सभा कमी होत गेल्या, सभासद सहाच उरले. इमारत पाडायला एक गिऱ्हाईक टपलेलं. त्या दुपारी ती न विकण्याचा ठराव झाला नसता तर ती त्याच्याच घशात जाणार होती. सहाही जण दाराशी जमले आणि एकालाही शब्द आठवेना. दातांच्या डॉक्टरांनी तर चार शब्द ठोकून पाहिले.

“माझी पाचावर धारण बसली होती,” आत्या मला नंतर म्हणाली. “सांगावं तर चोरून ऐकलं म्हणून नोकरी जाणार, गप्प बसावं तर घर.”

शेवटी तिनं शब्द सांगून टाकला.

“तुम्हाला कसा ठाऊक?” अध्यक्ष असलेल्या घड्याळजींनी विचारलं.

“तुम्हाला ऐकू येईना म्हणून मागच्या सभेला यांनी तुमच्या कानात ओरडून सांगितला होता ना. चौकातल्या फळवाल्यालाही ठाऊक असेल.”

शिंपीकाकांनी नियमांचं पुस्तक काढलं. “‘जो शब्द सांगेल तो बंधू.’ बहिणीचं काही लिहिलेलं नाही. या आत, बंधू.”

एकतीस वर्षं पुसलेल्या खुर्चीवर आत्या पहिल्यांदा बसली. विकायच्या बाजूनं तीन हात, विरोधात तीन. सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिनं विरोधात विणायच्या सुयांसकट हात वर केला, आणि इमारत राहिली. मला ऐकून रडूच आलं.

आता दारात कुणी बॅग घेऊन आलं, की ती ‘सभासद व्हायचंय का?’ असं विचारते. शब्द मात्र मला, सख्ख्या भाचीलासुद्धा, सांगत नाही.

“आम्हा बंधूंचं गुपित आहे ते,” म्हणते.