रिपीटरची वाटणी

आदिलाबाद जिल्ह्याचे तुकडे झाले तेव्हा मला फारसं काही वाटलं नव्हतं. मी कलेक्टर कचेरीत नोकरीला. टेबलं, कपाटं, शिपाई, सगळं माझ्या डोळ्यांदेखत चार जिल्ह्यांत वाटलं गेलं. खुर्ची कुठंही नेली तरी तिच्यावर बसता येतं. पण त्याच सुमाराला आमच्या हौशी रेडिओ क्लबाची जी वाटणी झाली, ती आठवली की आजही किळस येते.

क्लब तसा कामाचा होता. परवाना काढून घरात वायरलेस सेट ठेवणारे आम्ही, काही आदिलाबादचे, काही घाटापलीकडचे. पावसाळ्यात बेल्याकडची गावं नाल्यांमुळे तुटतात आणि वीज गेली की मोबाइलचा टॉवरही मान टाकतो. म्हणून आम्ही सेटवर रोज हजेरी घ्यायचो. कोणत्या पुलावरून पाणी चाललंय, कोणता रस्ता मोकळा आहे, ते एकमेकांना सांगायचो. माझा मोठा भाऊ बेल्यापुढच्या गावात कापूस पिकवतो. त्यालाही मी परीक्षेला बसवून परवाना घ्यायला लावला होता. गावात कुणी आजारी पडलं की लोक आधी त्याच्या ओसरीवर यायचे. या सगळ्याचा जीव नेरडीगोंड्याच्या टेकडीवरच्या रिपीटरमध्ये होता. लांबचा क्षीण आवाज पकडायचा आणि जोर लावून पुढं पाठवायचा, एवढंच त्या यंत्राचं काम.

नवे जिल्हे झाले आणि घाटापलीकडच्यांना स्वतःचा क्लब हवासा वाटला. हवा तर काढा की. पण सामानाचं काय? आमचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी, जिभेवर साखर. त्यांनी गावाकडची रीत पुढं केली: मोठ्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. शेताला ठीक आहे ही रीत. यांनी एका वाट्यात रिपीटर ठेवला आणि दुसऱ्यात त्याची बॅटरी आणि अँटेना. पाटा एकाकडं, वरवंटा दुसऱ्याकडं.

मी म्हटलं, "अहो, दोन्ही वाटे मुके होतील."

ते हसले. "ताई, नाक घासत येतील ते आपल्याकडं. पाहा तुमी."

घाटापलीकडच्यांनी शांतपणे रिपीटर उचलला. नाक आपलं नाही, यांचंच घासलं जाईल, अशी त्यांचीही खात्री होती. शिकलेली, केस पिकलेली माणसं ही. कुणीच कुणाकडं गेलं नाही, आणि पावसाळा आला.

एकदा रात्रभर कोसळून सकाळी उघडलं, म्हणून भावाच्या शेजाऱ्यानं कपाशीवर फवारणी सुरू केली. वारं उलटं होतं. औषध नाकातोंडात गेलं. घरी आणेपर्यंत तो ओकत होता आणि तोंडाला फेस आला होता. वीज नव्हती, फोन लागत नव्हता. भावानं सेट चालू केला. कोणत्या रस्त्यानं नेऊ, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. उत्तर येईना, तेव्हा त्यानं अंदाजानं नेहमीच्या रस्त्यानं बैलगाडी हाकली. पुढं पूल पाण्याखाली. गाडी वळवून तो चिखलातून परत गावात आला आणि मग आडवाटेनं निघाला. आडवाट कोरडी होती.

त्या वेळी आम्ही मावल्याच्या एका हॉलमध्ये नव्यानं मांडलेल्या आमच्या अर्ध्या क्लबाच्या उद्घाटनाला जमलो होतो. टेबलावर सेट होता, हळदकुंकू लावलेला, हार घातलेला. सचिवांनी अध्यक्षांना शाल दिली, अध्यक्षांनी सचिवांना. मी म्हटलं, निदान आज तरी टेकडीवरच्या रिपीटरचं ठरवा. "कार्यक्रम होऊ द्या ताई," सचिव म्हणाले. आमचा एक सभासद त्या सकाळी त्याच आडवाटेनं आला होता. तो पहिल्या रांगेत बसून पेढा खात होता.

शेजारी वाचला. दवाखान्यात त्याला शुद्ध आली, पण हातांचा कंप राहिला. पेपरात दोन ओळी आल्या आणि दोन्ही क्लब फळं घेऊन हजर झाले. आपापला फलक, आपापला फोटोवाला. खाटेच्या कोणत्या बाजूला कोणी उभं राहायचं यावरून कुजबुजत भांडलेही. 

शेजाऱ्याची बायको पायथ्याशी बसली होती. तिनं विचारलं, "तुमीच का ते रेडिओवाले?"

"हो, आमीच," अध्यक्ष म्हणाले.

"मंग तुमाले आयकू आलं असन. भाऊजी लय येळ बोलून राह्यले होते. मी याईले सांगत होती, घाबरू नका, तिकडं माणसं बसले हायेत."

अध्यक्षांनी घाटापलीकडच्यांकडं पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते. मग फोटोवाला तिला म्हणाला, ताई, केळी जरा वर धरा. तिनं धरली.