राणीचा पाट

परवा पाडव्याला सुनेनं पाटाभोवती रांगोळी काढली आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

शुक्रवार पेठेतलं आमचं माजघर आठवलं. उन्हाळ्याची दुपार, खिडक्या लावून घेतलेल्या. मी मोठ्यानं कादंबरी वाचत होते. मुदपाकखान्यातली एक पोरकी पोर जादूगार राजाशी झुंजून सिंहासन मागते, अशी ती गोष्ट. ऐकायला आई, शेजारच्या काकू, माझी धाकटी बहीण आणि लहानपणीच विधवा होऊन तांबडं आलवण नेसणारी आत्या. रामायण वाचताना मारुतीसाठी रिकामा पाट मांडतात, तसा आत्यानं या पोरीसाठी मांडायला लावला होता. "जिची कथा, तिला पाट नको का?" रांगोळी आईनं काढली. रांगोळीच्या पाटावर बसायला आत्याला बंदीच होती.

राज्याभिषेकाचं प्रकरण आलं, तेव्हा आधी पाणी प्यायला आम्ही परसात गेलो. आत्या तेवढी उठली नाही. परतलो तर रांगोळी फिसकटलेली. बहिणीनं पाटावर हात ठेवला नि किंचाळली, "आई गं, पाट ऊन लागतोय, कुणी बसल्यासारखा!"

काकू रामनाम पुटपुटू लागल्या. आईनं मला जवळ ओढलं. कोपऱ्यातल्या अंधारातून आत्याचा शांत आवाज आला, "वाच की पुढं. बसली ती."

मी पाटाकडे न बघता वाचलं. पुढे कित्येक दिवस त्या पाटाला वळसा घालूनच जायचे.

एक गोष्ट मी तेव्हाही पाहिली होती, कळली मात्र परवा. वाचन संपल्यावर आत्या उठून आत गेली, तेव्हा तिच्या तांबड्या आलवणाला मागून पांढरी रांगोळी लागली होती.