विहिरीचं पाणी गोड आहे का?

मंडळी, सकाळपासून जिवाला चैन नाही, म्हणून तुम्हालाच विचारते.

चौलला आमची नर्सरी आहे. उन्हाळ्यात खाडीचं पाणी विहिरीत झिरपतं आणि खारं पाणी रोपांना मारतं. म्हणून पॉलिहाऊसमध्ये पाणी सोडण्याआधी माझे सासरे, नाना, रोज ओंजळभर पाणी चाखतात. ते "गोड हाय" म्हणाले की मी पंप लावते.

आजही म्हणाले. पंप लावून मी पाइपाच्या पाण्याने चूळ भरली, तर पाणी चक्क खारट!

"नाना, परत बघता का?"

त्यांनी घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला. मग माझ्याकडेच बघत हळूच म्हणाले, "गोडच हाय ना गो?"

तापातून उठल्यापासून आमटीत मीठ विसरलं तरी ते काही बोलत नव्हते. आता कळलं, त्यांची चवच गेलीय.

"गोड आहे. पण लाइट गेली बघा," म्हणत मी पंपाचं बटण गुपचूप बंद केलं. मग नानांनी टाकीतलं नळाचं पाणी झारीने रोपांना घातलं, अगदी मायेने.

उद्यापासून त्यांच्या आधी मीच चाखेन. पण रोज लाइट कशी घालवू? माझ्या जागी तुम्ही असतात तर त्यांना सांगितलं असतंत?